डोक्याला मार लागला तर: पहिला तास, पहिली रात्र, पुढचा महिना

मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकी घसरो, की सावद्याकडे केळी भरताना माणूस ट्रकवरून पडो, डोकं आपटलं त्या क्षणी जे तुटलं ते तुटलं. पण मेंदूचं दुसरं नुकसान पुढे कित्येक तास, दिवस चालू राहतं. ते आवरणं बरंचसं सोबतच्या माणसांच्या हातात असतं.

हे नुकसान समजायला मायक्रोग्लिया माहीत हव्यात. मेंदूच्या या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींना १९१९ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी वेगळं ओळखलं. एरवी त्या बारीक फांद्यांनी आसपास चाचपत असतात. मार लागताच काही मिनिटांत फांद्या जखमेकडे वळतात आणि तिला घेरतात. पुढे मेलेल्या पेशींचा कचरा गिळायचं कामही त्यांचंच. इथवर बरं. पण त्या इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायनंही सोडतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. कवटीत सुजेला जागा कुठे? दाब वाढला की रक्त कमी पोचतं, आणखी पेशी मरतात, मायक्रोग्लिया आणखी चवताळतात.

म्हणून पहिलं काम ऑक्सिजन आणि रक्तदाब टिकवणं. १०८ ला फोन करा. मान सरळ धरून ठेवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढू नका. उलटी होत असेल तर दोघा-तिघांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. टाळूतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबा, मधेच उचलून बघू नका. हाड आत दबलेलं वाटलं तर तिथे दाबायचं नाही, कडेने झाकायचं. नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं तर बोळा कोंबू नका. तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. हळद, चुना, कांदा हुंगवणं, यात फक्त वेळ जातो.

शुद्ध तपासताना त्याच्याच बोलीत विचारा: "तुनं नाव काय शे? आज कोनता वार शे?" अहिराणी बोलणारा पुस्तकी मराठीत विचारल्यावर अडखळला, तर तो गोंधळलाय की प्रश्नच कळला नाही, हे समजत नाही. उत्तर आणि वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. आधी नीट बोलत होता आणि आता अडखळतोय, ही नोंद फार मोलाची असते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो. तापलेला मेंदू जास्त ऑक्सिजन मागतो, दाहही वाढतो. सावलीत न्या, अंगावर ओलं फडकं ठेवा.

आता एक हट्ट सोडायला हवा. "सूज आहे ना, मग डेक्सा द्या की." ऐकायला पटतं, कारण डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइड दाह दाबतं. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरच्या 'क्रॅश' नावाच्या औषध-चाचणीत १०,००८ रुग्ण होते, आणि स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत सुमारे २१ टक्के दगावले, न दिलेल्यांत सुमारे १८. मेंदूतल्या ट्यूमरच्या गाठीभोवतीच्या सुजेला हे औषध चालतं, माराला नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. रक्तस्राव वाढू शकतो.

घरी सोडलं तरी २४ तास एकटं ठेवू नका. रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून नाव विचारा. पुन्हा उलटी, झटका, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, हातापायात कमजोरी, वाढती डोकेदुखी, जाग न येणं: यातलं एकही दिसलं तर लगेच निघा. धडगाव, तोरणमाळसारख्या भागात घाटाचा रस्ता धरून वेळ मोजा, उजाडायची वाट बघू नका.

एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हलकी कामं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून घेण्याने फायदा नाही. दारू बंद. कबड्डी, कुस्ती मात्र त्रास पूर्ण थांबून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की एकदा चेतवलेल्या मायक्रोग्लिया पुढच्या छोट्या धक्क्यालाही जास्त भडकतात.

आणि घरातले आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर किरकोळ पडण्यानंतरही सीटी स्कॅनबद्दल विचारा. तीन-चार आठवड्यांनी ते विसरभोळे झाले किंवा पाय ओढू लागले, तर म्हातारपणावर ढकलू नका. कवटीत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं.