अफगाणी पोशाखातली कापडी बाहुली: घरच्या कापसापासून कुची घेरापर्यंत

अफगाणी बाहुली करायची तर आधी ती कोणत्या समाजाची ते ठरवा. अफगाणिस्तानात पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक, तुर्कमेन, बलुच, नुरिस्तानी असे कितीतरी लोक राहतात आणि प्रत्येकाचा कपडा वेगळा. त्यामुळे एकाची टोपी, दुसऱ्याचा कोट, तिसरीचे दागिने असा काला करू नका, बंजारा घागऱ्यावर कोणी नऊवारीचा पदर टाकला तर आपल्याला खटकेलच ना, तसंच ते.

पहिल्यांदाच करत असाल तर कुची बाईची बाहुली घ्या असं माझं स्पष्ट मत. कुची म्हणजे कळप घेऊन फिरणारे, बहुतेक पश्तून. बायकांचा फ्रॉक छातीशी बेताचा, कंबर वर घेतलेली आणि तिथून खाली भरपूर घेर, आतून तुंबान म्हणजे सैल सलवार, डोक्यावर लांब चादर. घेरामुळे पायांची शिवण थोडी वाकडी गेली तरी दिसत नाही, सगळा जीव छातीच्या तुकड्यात ओतता येतो. आणि निळा बुरखा घालायचा नाही हो, फिरत्या कुची बायकांचा पारंपरिक वेश तो नाही.

अंगासाठी मांजरपाट घ्या, आधी धुऊन आटवा. बाहुली ३० सेंमीची ठेवा, म्हणजे डोकं साधारण ७, धड ९, बाकी मान आणि पाय. भरायला आपल्या खान्देशात कापसाला काय तोटा, पण शेतातला आणलात तर सरकी काढून, पिंजून, उन्हात वाळवून घ्या. पानाचा कचरा राहिला तर पांढऱ्या कापडातून काळं दिसतं. मोठा गोळा कोंबायचा नाही, छोटे छोटे पुंजके पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आधी हातापायाच्या टोकापर्यंत सरकवत जायचं, आणि मानेत एक बांबूची काडी घालायची नाहीतर डोकं लोंबतं.

आता कपडा. घेरासाठी ९० सेंमी लांब आणि १६ सेंमी रुंद पट्टी पुरते. मऊ सुती किंवा पातळ मखमल घ्या, लाल, हिरवा, जांभळा असे गडद रंग छान दिसतात. जाड मखमल नको, एवढ्याशा कमरेला तिच्या चुण्या बसतच नाहीत, ड्रेस फुगून उभा राहतो. पट्टीच्या वरच्या काठाला कच्च्या धाग्याच्या दोन ओळी घाला आणि दोन्ही धागे एकदम ओढा, चुण्या सारख्या पसरल्या की छातीच्या तुकड्याला जोडा. बाह्या लांब आणि सैल.

छातीच्या तुकड्याचं भरतकाम मात्र शिवायच्या आधीच करून टाका, बाहुलीच्या अंगावर सुई चालवणं फार त्रासाचं. कुची ड्रेसवर आरसे, मणी, नाणी, रंगीत धागा सगळं असतं आणि मण्यांच्या गोल चकत्याही शिवतात, त्यांना गुल-ए-पेरॉन म्हणतात. आपल्याकडे तांड्यांजवळच्या आठवडे बाजारात बंजारा कपड्यासाठीचे आरसे, घुंगरू मिळतात पण ते आरसे या बाहुलीला फार मोठे होतात, तिच्या छातीवर ४-५ मिमीच्या टिकल्याच शोभतात. खरा छोटा आरसा मिळाला तर त्यावर आधी आडवे-उभे धागे टाकून चौकट करायची, मग त्या चौकटीत अडकवत काजाच्या टाक्याने गोल फिरायचं. तयार बंजारा पट्टी कापून लावायचा मोह होतो, पण नका लावू, दोन्हीकडे आरसे असले तरी टाका आणि रचना वेगळी आहे.

चेहरा रंगाने न काढता एकेरी धाग्याने भरा. केस काळ्या लोकरीचे, मधे भांग, बारीक वेण्या. कपाळावर आणि हनुवटीवर हिरव्या धाग्याची एकेक गाठ द्या, कुची बायका चेहऱ्यावर असे हिरवे ठिपके गोंदवतात. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या आज्यांचं गोंदण पाहिलेलं असेल तर ठिपका केवढा ठेवायचा ते बरोबर कळेल.

पुरुष बाहुली हवी असेल तर पेरहान-तुंबान म्हणजे लांब सदरा आणि सैल सलवार, वर जाकीट आणि पगडी. कंदहारी करायची तर सदऱ्याच्या छातीवर खामक, हे तिथल्या बायकांचं रेशमी धाग्याचं अतिशय बारीक काम, कापडाचे धागे मोजून करतात, बाहुलीवर पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याने छोटे चौकोन भरले तरी झाक येते. उझबेक बाहुलीला रेघारेघांचा लांब चापन कोट घाला. नुरिस्तानीला पाकोल म्हणजे गोल लोकरी टोपी, ती जुन्या लोकरी शालीच्या तुकड्याची छान होते, कडा गुंडाळत वर आणायची आणि चार टाके मारून अडकवायची.

नाणी-घुंगरू सगळ्यात शेवटी टाका, दुहेरी धाग्याने आणि प्रत्येकाला वेगळी गाठ देऊन, म्हणजे पोरांनी एक ओढून काढलं तरी बाकीचे सुटत नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची असेल तर आरसा, मणी, नाणी काहीच नको, तीच नक्षी नुसत्या रंगीत धाग्याने भरा.