आयडलला टायमिंग नाचतंय? निदानाला बसण्याआधीची तयारी

इंजिन गरम झालंय, एसी बंद आहे, गाडी न्यूट्रलला, एक्सिलरेटरला पाय न लावता (आयडलला) उभी आहे. तरी आरपीएमचा काटा ६५० आणि ९००च्या मध्ये हेलकावे खातोय आणि स्कॅनरवर टायमिंग अ‍ॅडव्हान्सचा आकडा ४, १३, ७, १६ अशा उड्या मारतोय. अशा वेळी हात आधी क्रँक सेन्सरकडे (क्रँकशाफ्ट कुठे फिरलाय ते सांगणाऱ्या सेन्सरकडे) जातो. तो विकत आणण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी तयारी तिच्याभोवतीच फिरते. स्कॅनरवरचा तो आकडा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, हा ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) दिलेला हुकूम. ठिणगी प्रत्यक्षात कुठे पडली, ते स्कॅनरला ठाऊक नसतं. तेव्हा पहिला प्रश्न असा: हुकूमच नाचतोय, की हुकूम स्थिर असून ठिणगी भलतीकडे पडतेय? दोन्हींची कारणं वेगळी, साधनंही वेगळी.

हुकूम थोडा हलणं निरोगी इंजिनातही असतंच. आयडल सांभाळायला ईसीयूकडे दोन मार्ग असतात. थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्हमधून हवा वाढवायची, तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा मार्ग) भरायला वेळ लागतो. ठिणगी मात्र पुढच्याच सिलिंडरला दोन अंश अलीकडे घेता येते. म्हणून आयडलला टायमिंग मुद्दाम थोडं मागे राखून ठेवलेलं असतं. आरपीएम पडला की अ‍ॅडव्हान्स, चढला की रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत गरम आयडलला ८ ते १५ अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी ३-४ अंशांची हालचाल दिसते, आणि तिची काळजी करायचं कारण नाही. दहा-बारा अंशांचे झोके किंवा शून्याखाली गेलेला आकडा दिसला, तरच पुढची तयारी करा.

आधी कागद. त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून या गोष्टी एका पानावर उतरवून घ्या: ठरलेला आयडल आरपीएम, आयडलचं टायमिंग, फायरिंग ऑर्डर, क्रँक सेन्सर दोन वायरचा मॅग्नेटिक की तीन वायरचा हॉल, क्रँकवरचं दातेरी चाक ६० वजा २ दातांचं (साठांतले दोन गाळलेलं) की ३६ वजा १, आणि कॉइल प्रत्येक प्लगवर वेगळी की दोन सिलिंडरांत मिळून एक. शेजारी हिशेबही मांडून ठेवा. ८०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ७५ मिलिसेकंदांचा, म्हणजे एक अंश सुमारे ०.२१ मिलिसेकंदाचा. साठच्या चाकावर दर दाताला ६ अंश, म्हणून १.२५ मिलिसेकंद; छत्तीसच्या चाकावर १० अंश. स्कोपवर मोजताना हेच आकडे लागतात, आणि ग्रीस लागलेल्या हातांनी कॅल्क्युलेटर शोधणं त्रासाचं असतं.

मग गाडी. कूलंट ८० ते ९० अंश सेल्सिअसवर येऊ द्या आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. पंखा चालू असताना घेतलेलं रीडिंग बाजूला ठेवा. त्या लोडनेच टायमिंग हलतं. दिवे, काचेचा हीटर, म्युझिक बंद. स्टिअरिंग सरळ ठेवा, कारण हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप वळलेल्या चाकांवर इंजिनाला दाबतो. हँडब्रेक, चाकांना उटी, आणि बंदिस्त शेडमध्ये असाल तर धूर बाहेर काढायची सोय. ओढणी, सैल बाह्या, आयडी कार्डाची लटकती दोरी यांपैकी काहीही फॅनबेल्टच्या आसपास नको.

फॉल्ट कोड असतील तर ते फ्रीझ फ्रेमसकट (कोड लागला त्या क्षणीच्या नोंदीसकट) उतरवून घ्या, पण पुसू नका. कोड पुसले की फ्रीझ फ्रेम जाते आणि बहुतेक गाड्यांत ईसीयूने शिकलेलं इंधनाचं करेक्शनही शून्यावर येतं. म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसला. इथे कामाचे कोड असे: क्रँक सेन्सरसाठी पी ०३३५ आणि पी ०३३६, कॅम सेन्सरसाठी पी ०३४०, क्रँक-कॅमचा मेळ चुकला तर पी ००१६, मिसफायरसाठी पी ०३०० आणि पुढचे, आयडल ठरल्यापेक्षा कमी असेल तर पी ०५०६, जास्त असेल तर पी ०५०७. एकही कोड नसणं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. टायमिंग झुलतंय म्हणून लागणारा वेगळा कोड सहसा नसतोच.

विजेच्या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि नेमकी तीच टाळली जाते. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी. चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५, स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत यापेक्षा वेगळं. त्यानंतर मल्टिमीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीच्या टोकांना लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर बरं, ०.५कडे जात असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शंका घ्या. तो रिपल (डीसीत मिसळलेली एसीची लहर) क्रँक सेन्सरच्या बारीक सिग्नलमध्ये मिसळला की ईसीयूला नसलेले दात दिसू लागतात. शेवटी अर्थिंग: दिवे आणि ब्लोअर चालू करून इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ०.१च्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळा आणि मगच पुढे जा. रंगकाम किंवा क्लचचं काम होऊन आलेल्या गाडीत ही पट्टी सैल, नाहीतर रंगावरच बसवलेली सापडते.

आता स्कॅनर. स्वस्त ब्लूटूथ डोंगलही चालेल, पण त्याच्याकडून काय मागायचं हे ठरवा. पंधरा रीडिंग एकदम निवडली तर जुन्या के-लाइनच्या (संथ डेटा वायरच्या) गाडीत प्रत्येकाची पाळी दोन-तीन सेकंदांनी येते. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या पडतात. सेकंदाला चार वेळा बघणाऱ्याला सहा-सात ठिणग्यांमधली एक दिसते. आरपीएम आधी पडला की टायमिंग आधी, हे अशा लॉगवरून सांगता येत नाही, तरी तसं सांगणारे भेटतात. म्हणून लॉग दोन करा. पहिल्यात फक्त आरपीएम, टायमिंग आणि मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), शक्य तितक्या वेगाने, तीन मिनिटं. दुसऱ्यात निवांतपणे कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, थ्रॉटल, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेलं तात्पुरतं आणि शिकलेलं करेक्शन), पुढचा ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयूला मिळणारं व्होल्टेज. दोन्ही आयडलला घ्या, आणि दुसरा २,५०० आरपीएमला धरूनही एकदा.

मॅप सेन्सर खरं बोलतोय की नाही, ते लॉगच्या आधीच पाहा. चावी ऑन, इंजिन बंद: रीडिंग बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं यायला हवं. मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या. पुण्यात १०१ दाखवणारा सेन्सर खोटारडा आहे; मुंबईचा आकडा पाठ असलेला माणूस त्याला पास करून टाकतो. इंजिन चालू झाल्यावर धडधाकट इंजिन साधारण ३० ते ४० किलोपास्कलवर स्थिरावतं.

हुकूम नाचण्यामागे हवेची गळती फार वेळा असते. इथे गाडी हवा कशाने मोजते ते माहीत हवं. एअरफ्लो सेन्सर असेल, तर त्याच्या आणि इंजिनाच्या मधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक १० ते २५ टक्क्यांवर जाते आणि २,५०० आरपीएमला खाली उतरते. फक्त मॅपवर चालणाऱ्या गाडीत मात्र गळतीची हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम जवळजवळ सरळ राहते. आयडल चढतो, ईसीयू थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्ह जितका मिटता येईल तितका मिटतो, आणि तेवढ्याने भागलं नाही की टायमिंग शून्याकडे, कधी शून्याच्याही खाली ओढतो. आरपीएम पडला की पुन्हा सोडतो. तो झोका म्हणजे हाच खेळ. ट्रिम ठीक म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष अशा गाडीत हमखास फसवतो. तेव्हा धूर सोडायचं मशीन, ते नसेल तर इनटेकचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) होज आणि पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ नेणारा) पाइप एकेक चिमटून बघायला चिमटे तयार ठेवा. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी सवय सोडलेली बरी.

थ्रॉटलवरचा कार्बन आणि अडकलेला व्हीव्हीटीचा (कॅमची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह यांचाही परिणाम असाच दिसतो. व्हीव्हीटी आयडलला उघडा राहिला, तर मॅप चढलेला दिसतो आणि इंजिन थरथरतं. कॅमच्या कोनाचं रीडिंग मिळत असेल तर दुसऱ्या लॉगमध्ये घाला. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने ढकलायची नाही. मोटर बोट चिमटते आणि गिअर तुटायचीही भीती असते.

ठिणगी कुठे पडतेय ते पाहायला टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. क्रँक पुलीची खूण ब्रशने साफ करून व्हाइटनरची बारीक रेघ ओढा. रेघ जाड असेल तर तीच दोन अंश खाते. पण त्याआधी खुणेवर विश्वास ठेवता येतो का ते बघा. डॅम्पर पुलीचं रबर जुनं झालं की बाहेरची कडी सरकते, आणि खूण पाच-दहा अंश खोटं सांगते. एक नंबरचा प्लग काढा, भोकात लांब प्लॅस्टिकची स्ट्रॉ सोडा, क्रँक पान्याने हळू फिरवा. स्ट्रॉ सगळ्यात वर येते तिथे खूण शून्याजवळ यायला हवी. प्लगवरच कॉइल बसणाऱ्या गाडीत लाइटचा चिमटा अडकवायला जागा नसते, म्हणून कॉइल आणि प्लगमध्ये घालायला एक एचटी (प्लगच्या) वायरचा तुकडा तयार ठेवा. दोन सिलिंडरांत एक कॉइल असेल तर लाइट एका चक्रात दोनदा चमकतो आणि डायलचा लाइट दुप्पट आकडा दाखवू शकतो. त्याच्यावरचं डीआयएस किंवा टू-स्ट्रोकचं सेटिंग वापरा.

आता स्कॅनरचा हुकूम आणि पुलीवरची रेघ एकाच वेळी मोबाइलवर चित्रित करा. हुकूम हलतोय आणि रेघ त्याच्यामागून जातेय, तर क्रँक सेन्सरकडे वळू नका. हवा, इंधन, मिसफायर किंवा लोडकडे बघा. हुकूम जवळपास स्थिर आणि रेघ उड्या मारतेय, तर सेन्सर, दातेरी चाक, वायरिंग किंवा इग्निशन मॉड्यूल. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीत इथे बुशचा खेळ आणि सैल बेल्ट-चेन यांची भर पडते. अशा गाडीला मॅन्युअलप्रमाणे डायग्नोसिस कपलरमध्ये जंपर घालून टायमिंग फिक्स करता येत असेल, तर ते आधी करा. फिक्स असतानाही रेघ नाचली की दोष बहुधा यांत्रिक.

हुकूम स्थिर आणि रेघ नाचतेय, या दुसऱ्या वाटेवर दोन चॅनेलचा स्कोप (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लागतो. एका चॅनेलवर क्रँक, दुसऱ्यावर एक नंबर कॉइलचा ट्रिगर. कॉइलच्या प्रायमरीला थेट प्रोब लावू नका. तिथे ३००-४०० व्होल्टची उसळी येते, १०:१ किंवा त्याहून मोठा अ‍ॅटेन्युएटर हवा. वीसेक सेकंदांची नोंद घ्या आणि चाकावरच्या गॅपपासून (गाळलेल्या दातांच्या जागेपासून) ट्रिगर बंद होण्याच्या कडेपर्यंतचं अंतर दातांमध्ये मोजा. ठिणगी त्या कडेला पडते. दातांमधलं अंतर प्रत्येक ज्वलनाबरोबर थोडं आकसतं-पसरतं, ते नैसर्गिक आहे, कारण आयडलला क्रँक एका गतीने फिरतच नाही. मॅग्नेटिक सेन्सरच्या लाटेची उंची दर फेऱ्यात एकदा कमी-जास्त होत असेल तर चाक वाकडं फिरतंय. एकच दात खुजा असेल तर तो तुटका, किंवा त्यावर लोखंडी कीस चिकटलाय.

मॅग्नेटिक सेन्सरमध्ये एक दोष वारंवार निसटतो. वायरिंग दुरुस्त करताना दोन वायरींची अदलाबदल होते. गाडी चालू होते, पण ईसीयू दाताची चुकीची कड मोजतो. टायमिंग सरकतं आणि आरपीएमबरोबर बदलत राहतं. वायरींवरची शिल्ड (संरक्षक जाळी) अर्थपासून तुटली असेल तरी असाच गोंधळ. हॉल सेन्सरला ओहममध्ये मोजायच्या फंदात पडू नका. सप्लाय, अर्थ आणि चौकोनी सिग्नल बघा, आणि कपलर हलवत, सेन्सरवर हेअर ड्रायर धरत बघा. गरम झाल्यावरच बिघडणारे सेन्सर थंडीत साळसूद असतात.

सीएनजीची गाडी असेल तर सगळं आधी पेट्रोलवर करा. सीएनजी सावकाश जळतो म्हणून बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये टायमिंग अ‍ॅडव्हान्सर असतो, आणि तो क्रँक सेन्सरची वायर कापून मध्ये जोडलेला असतो. त्याचे जोड कसे केलेत ते टेप सोलून बघा. पिळून टेप मारलेले जोड पावसाळ्यानंतर हिरवे पडतात. अ‍ॅडव्हान्सर बायपास करून लॉग पुन्हा घ्या. शिवाय किटमधलं गॅसच्या प्रमाणाचं कोष्टक (गॅसचा मॅप; मॅप सेन्सर नव्हे) चुकीचं असेल तर त्यावर धावताना शिकलेली लाँग ट्रिम पेट्रोलवरही लागू राहते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी मालकाला गाडी पेट्रोलवरच चालवायला सांगा, निदान तीसेक किलोमीटर.

प्रत्येक फाइलच्या नावात गाडीचा नंबर, इंधन, तापमान आणि लोड लिहा. दुरुस्तीनंतर अगदी त्याच स्थितीत तोच लॉग पुन्हा घ्यायचा आहे. थ्रॉटल साफ केला किंवा बॅटरी सोडली असेल, तर आयडलचं रीलर्न (ईसीयूने आयडल पुन्हा शिकणं) मॅन्युअलप्रमाणे पूर्ण होईपर्यंतचे आकडे तुलनेत धरू नका.