फॉगलॅम्प मंद पेटतात? पाना हातात घेण्याआधीची तयारी

बाहेरून बसवलेले फॉगलॅम्प मिणमिणायला लागले की पहिला हात बल्बकडे जातो. तो आधी आवरा. मी एकदा लागोपाठ बल्बच्या दोन जोड्या बदलल्या आणि दोष निघाला अर्थिंगच्या, म्हणजे लॅम्पचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, एका स्क्रूत. बसवणाऱ्याने तो बंपरमागच्या पत्र्यावर, रंग न खरवडताच आवळला होता. बल्ब बिचारे निर्दोष. म्हणून आता मी आधी सामान जमवतो, मग मोजतो आणि बदलाबदली सगळ्यात शेवटी करतो.

सर्वांत आधी मल्टिमीटर. स्वस्तातला डिजिटलही चालेल, पण त्यातली बॅटरी उतरलेली नको, नाहीतर आकडे भलतेच दिसतात. मीटरच्या पिना एरवी हातभर वायरच्या असतात आणि आपल्याला गाडीच्या बॅटरीपासून थेट लॅम्पपर्यंत पोचायचं असतं. म्हणून तीनेक मीटर साध्या वायरला दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवा. याशिवाय २.५ स्क्वेअर एमएमच्या दोन लांब वायर लागतील. त्यांतल्या प्लसच्या वायरीला, बॅटरीकडच्या टोकाजवळ, १५ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. पॉलिश पेपर, अर्थिंगच्या बोल्टला बसणारा पाना, टॉर्च, स्वच्छ कापड, आणि आकडे लिहायला कागद-पेन. लक्षात ठेवू म्हणाल तर राहत नाहीत. हॅलोजन बल्ब काढावा लागला तर त्याच्या काचेला बोट लावायचं नाही; बोटाचं तेल तापून काच तिथेच दगा देते. कापडाने धरा.

जागा उघड्यावरची हवी, कारण इंजिन चालू ठेवून मोजायचं आहे आणि बंद गॅरेजमध्ये धूर जिवावर बेतू शकतो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, आणि बाह्या व वायरी पंख्यापासून लांब ठेवा.

आता डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी, झटपट. काच पिवळी पडली आहे का, आत वाफ धरली आहे का, रिफ्लेक्टरची चकाकी गेली आहे का, बल्बची काच आतून काळवंडली आहे का. बल्बच्या बुडावर छापलेलं जरूर वाचा. २४ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टच्या गाडीत बसतो, पेटतोही, फक्त उदबत्तीसारखा! दोन्ही लॅम्प एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले असतील, तरीही प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच व्होल्टेज येतो.

मग बॅटरी. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. इथेच आकडा कमी आला तर फॉगलॅम्पचा विषय बाजूला ठेवा. हेडलाइटही मंदच असतील आणि बघायचं ते अल्टरनेटरकडे.

खरी मेख पुढे आहे. बहुतेक जण लॅम्पचा सॉकेट काढतात, त्यात मीटरच्या पिना घालतात, पूर्ण व्होल्टेज दिसतो आणि 'वायरिंग ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. पण लॅम्प जोडलेला नसेल तर वायरीतून करंटच वाहत नाही, आणि करंट नाही तर काट चढलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. एक तार शाबूत आणि बाकीच्या तुटलेल्या असल्या तरी मीटर तेच सांगेल. म्हणून सॉकेट जोडलेला, लॅम्प पेटलेला, आणि पिना मागच्या बाजूने टर्मिनलला टेकवलेल्या. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. तेवढा करंट अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या ४ मीटर वायरीतून गेला, तर सव्वा व्होल्टच्या आसपास वायरीतच खर्ची पडतो; २.५ स्क्वेअर एमएममध्ये तेच पाव व्होल्ट. हॅलोजनला तर ही घट फारच झोंबते: १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले की उजेड साधारण एक तृतीयांशाने घटतो.

घट नेमकी कुठे आहे हे दोनदा मोजून कळतं. एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी लॅम्पच्या प्लसवर ठेवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वायर, फ्यूजचा होल्डर किंवा रिलेचे (स्विचच्या इशाऱ्यावर लॅम्पचा मोठा करंट जोडणाऱ्या डबीचे) ३० आणि ८७ नंबरचे पाय तपासायचे. रिलेच नसेल आणि सगळा करंट स्विचमधून जात असेल, तर उत्तर तिथेच सापडलं. मग बॅटरीचा मायनस आणि लॅम्पचा मायनस, इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थिंगचा बोल्ट काढा, पत्रा चमकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा.

आकडे ठीक आले तरी उजेड नाही? मग सामानातल्या त्या २.५ स्क्वेअर एमएमच्या जाड वायरी हातात घ्या. लॅम्प गाडीच्या वायरिंगपासून सोडवून थेट बॅटरीला जोडा, एलईडी असेल तर प्लस-मायनस नीट बघून. असाही तो मंदच पेटला, तर लॅम्प बदलायला हरकत नाही. एलईडी मात्र निदान पंधरा मिनिटं पेटता ठेवा. स्वस्त लॅम्प सुरुवातीला झगझगीत पेटतात, तापले की त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं आतलं सर्किट, स्वतःच करंट कमी करतो, आणि दोन मिनिटांत बंद करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.