होडीचं डिझाइन निवडताना आधी बोळ मोजा

पैठणला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. होडीशी माझा संबंध एवढाच, की नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, घरापासून सायकलच्या अंतरावर. घरीच प्लायवूडची शिडाची होडी बांधायची ठरवली, तेव्हा पहिली मी चित्र बघून निवडली. १४ फुटी, पोट गोलसर, नाळ, म्हणजे पुढचं तोंड, टोकदार. बांधली मागच्या खोलीत. दार ३३ इंच, होडीची उंची २० इंच, कुशीवर केली की निघेल असा हिशोब. दारातून निघालीही. पण समोर ४ फुटांचा बोळ, आणि तिथं ती वळेचना. शेवटी न्हाणीची भिंत पाडली. घरात अजून त्यावरून ऐकून घेतो. तेव्हापासून कुणी 'कोणतं डिझाइन घेऊ' म्हणालं, की मी विचारतो, बाहेर कुठून काढणार?

मग पाणी बघायचं. आमचं धरण पसरट, काठाला उथळ. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की लांबवर चिखल उरतो, वर मासेमारीची जाळी. खाली कायमचा कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरलेला पक्का कणा, असलेली डिझाइनं म्हणून बादच करा. होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडतात ती मधली फळी आणि सुकाणू, दोन्ही वर उचलता यायला हवीत. तळ सपाट असला तर होडी चिखलावर सरळ बसते, दोघं ओढून नेतात. दुपारी वारा सुटला की सपाट तळ लाटांवर थाडथाड आपटतो, हे खरंय. पहिल्या होडीला तेवढं चालवून घ्यावं. आणखी एक, नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. प्लायवूड आणायच्या आधी वन खात्यात आणि पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात विचारून या.

प्लायवूडचं शीट येतं ८ बाय ४ फुटांचं. ८ फुटांच्या आत राहिलात तर जोड द्यायची कटकटच नाही. एकट्यासाठी 'पडल डक रेसर' बघा. ८ फूट लांब, ४ फूट रुंद, नकाशा फुकट मिळतो. दिसायला खोकं, पण शीड भरलं की हसणारे गप्प होतात. 'ऑप्टिमिस्ट' १९४७ ची, क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी काढलेली. मोठा माणूस बसला तर गुडघे कानाला लागतात. दोघांना जायचं असेल तर १९६२ ची 'मिरर', जवळपास ११ फूट. तिच्या फळ्या तांब्याच्या तारेनं शिवायच्या आणि सांध्यावर फायबरची पट्टी रेझिननं चिकटवायची. तार आमच्या धंद्यातलीच, म्हणून माझा जीव तिच्यावर. शिवाय डोलकाठी आणि वरचे दांडे होडीच्या आतच मावतात, टेम्पोत नेताना बरं पडतं. शीड मात्र पहिल्यांदा साधं लग घ्या, म्हणजे तिरप्या दांड्याला टांगलेलं चौकोनी शीड. आखूड डोलकाठी, ताणाच्या तारा नाहीत, ताडपत्रीचंही शिवता येतं. बाकांखाली हवाबंद कप्पे नसतील तर ते डिझाइन नकोच. लाइफ जॅकेटचं वेगळं सांगायला नको.

नकाशावरच्या वजनावर जाऊ नका. तिकडं ओकुमे नावाच्या हलक्या लाकडाचं प्लाय धरलेलं असतं, आपलं मरीन प्लाय बरंच जड. नकाशात ४० किलो असेल तर ५० च्या पुढंच समजा आणि उचलायला माणसं किती ते मोजा. शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा, तरी एक तुकडा चार-पाच तास उकळून घ्या. पापुद्रे सुटले तर शीट परत. रेझिनचं काम दिवाळीनंतर थंडीत काढा, उन्हाळ्यात ते डब्यातच तापून घट्ट होतं. मे महिन्यात माझ्या हातातल्या डब्यातनं धूर निघाला होता.

डिझाइन पक्कं करायच्या आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं मॉडेल करा, १ इंचाला १ फूट. पुठ्ठा जिथं एकाच वेळी दोन बाजूंना वाकायला लागतो, सुरकुती पडते, तिथं प्लायही ऐकत नाही. माझं ते गोलसर पोट असंच नडलं होतं. मॉडेल जमलं की त्याच मापात घराचं दार आणि बोळ फरशीवर खडूनं काढा, आणि होडी त्यातून बाहेर काढून बघा. भिंतीला टेकली तर एक फूट कमी लांबीची शोधा.