तत्त्वज्ञानातली पीएचडी: अर्ज आणि पैसे, दोन्ही कसं जमवलं

अमेरिकेत तत्त्वज्ञानाच्या पीएचडीसाठी कर्ज काढू नये. चांगले विभाग प्रवेशासोबत फीमाफी आणि विद्यावेतन देतात, बदल्यात टीए (शिक्षण-सहाय्यक) म्हणून शिकवावं लागतं. पैशांविना नुसता प्रवेश आला तर सरळ नाकारावा. बीए दुसऱ्या विषयात असेल, तर जॉर्जिया स्टेट किंवा नॉर्दर्न इलिनॉयसारख्या विद्यापीठांत एमएलाही अशी मदत मिळू शकते.

अर्ज अडतो तो बहुधा लेखन-नमुन्यापाशी, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या स्वतःच्या लेखापाशी. प्रबंधातलं प्रकरण जसंच्या तसं पाठवलं की ते अर्धवट वाटतं. माझं प्रकरण कापून १८ पानांवर आणलं. कोण काय म्हणालं याचा आढावा पूर्ण काढला आणि एकच युक्तिवाद ठेवला. दावा पहिल्याच पानावर घेतला. सगळ्यात अवघड आक्षेप स्वतःच मांडून त्याला उत्तर दिलं. हाच मसुदा शिफारसपत्रं देणाऱ्या तिन्ही शिक्षकांना ऑक्टोबरमध्ये दिला, कारण मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात.

अर्जशुल्काची माफी पैसे भरण्याआधीच मागावी. भरलेलं शुल्क सहसा परत मिळत नाही. विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा, किती वर्षांची हमी, आरोग्यविमा कोण भरणार, हे ईमेलवर लेखी घ्यावं. विद्यापीठाने उत्तराची घाई केली तरी दबून जाऊ नये: आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याच्या ठरावात सामील असलेली विद्यापीठं त्याआधी उत्तराची सक्ती करू शकत नाहीत.