सर्व्हरमधून सर्व्हरमध्ये शिरताना टर्मिनल कसं सांभाळावं?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेसचं फोल्डर रिकामं करायला घेतलं. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. यात त्याच्या हुशारीचा प्रश्न नव्हता. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सगळे सर्व्हर सारखेच दिसतात.

म्हणून सुरुवात प्रॉम्प्टपासून, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीला दिसणाऱ्या मजकुरापासून, करा. प्रत्येक यंत्राच्या बॅशआरसी (.bashrc) या सेटिंग फाइलमध्ये पीएस१ (PS1) ला, म्हणजे प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या सेटिंगला, वेगळा रंग द्या: लॅपटॉप हिरवा, चाचणीचा सर्व्हर पिवळा, खरा डेटा असलेला लाल. गिटलॅबनेही त्या घटनेनंतर प्रॉम्प्ट बदलायचं काम हाती घेतलं. तरीही काही पुसण्याआधी 'होस्टनेम' ही सर्व्हरचं नाव सांगणारी कमांड देऊन उत्तर नीट वाचा. डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींवर मॉली-गार्ड हा छोटा प्रोग्राम जरूर बसवा. एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या सुरक्षित कनेक्शनमधून, रीबूट करायला गेलात की ते सर्व्हरचं नाव विचारतं आणि नाव चुकलं तर रीबूट होऊ देत नाही.

दुसरं काम, थरच कमी करा. मधल्या सर्व्हरवर उतरून तिथून पुन्हा एसएसएच करायची गरज बहुतेक वेळा नसते. ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामच्या ७.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, प्रॉक्सीजंपची सोय आहे. लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये आतल्या सर्व्हरच्या नोंदीखाली प्रॉक्सीजंप आणि पुढे मधल्या सर्व्हरचं नाव लिहा. एका कमांडमध्ये थेट आत पोचाल. एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपवरची एसएसएच किल्ली मधल्या सर्व्हरवरून वापरू देणारी सोय, मात्र बंदच ठेवा. ते चालू असलं, तर मधल्या सर्व्हरवर रूट (सर्वाधिकार) असलेला कोणीही तुम्ही जोडलेले असेपर्यंत तुमच्या नावाने दुसरीकडे शिरू शकतो.

टीमक्स हा एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम. टीमक्समध्ये टीमक्स उघडलं असेल तर कंट्रोल-बी, म्हणजे टीमक्सला हुकूम द्यायची कळ, आधी बाहेरचं टीमक्स पकडतं. ते दोनदा दाबलं की आतल्याला पोचतं. आतल्यातून बाहेर पडायला कंट्रोल-बी दोनदा आणि मग डी. रोजचंच असेल तर बाहेरच्याला कंट्रोल-बीऐवजी कंट्रोल-ए देऊन टाका.

आणि कनेक्शन गोठलं तर? खिडकी बंद करू नका. एंटर दाबा, मग ~ आणि टिंब. पण थांबा, याने सगळ्यात बाहेरचं एसएसएच तुटतं आणि आतलं सगळं त्याच्यासोबत जातं. फक्त दुसरा थर तोडायचा असेल तर ~ दोनदा, तिसरा असेल तर तीनदा, मग टिंब. एंटरनंतर ~ आणि प्रश्नचिन्ह दाबलं की अशा सगळ्या कळांची यादी समोर येते.