लेकराला काय भरवायचं, काय थांबवायचं, कसं ठरवायचं

मागच्या दिवाळीत गावाकडं होतो. अंगणात पोत्यावर शेंगा वाळत घातलेल्या, बायका बसल्या बसल्या भाजलेल्या शेंगा खायल्या होत्या आणि नणंदेचं नऊ महिन्याचं लेकरू तिथंच रांगायलं होतं. एक दाणा त्यानं कधी तोंडात टाकला कुणालाच कळलं नाही. खोकला नाही, रडणं नाही, आवाजच येईना, तोंड लालबुंद झालं आणि ओठ निळे पडायला लागले. नणंद तोंडात बोट घालायला गेली तर मी तिचा हात धरला, कारण न दिसणारी वस्तू बोटानं आणखी आत जाती. लेकराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहातानं दणके दिले, चौथ्याला दाणा बाहेर पडला. पाच दणक्यांनी नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, परत पालथं, आणि तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. जोरात खोकत असेल, आवाज निघत असेल तर मात्र खोकू द्यायचं, मधे पडायचं नाही.

त्या दिवसापासून नणंदेनं घरात शेंगदाणाच बंद केला, आणि तिथंच मला बोलावं वाटलं. शेंगदाणा वाईट नाही, अख्खा दाणा वाईट आहे. तोच दाणा भाजून, मिक्सरमधून अगदी मऊ लोण्यासारखा करून, पेजेत अर्धा चमचा कालवला तर सहा महिन्यानंतरच्या लेकराला चालतो, आणि लवकर दिलेला बराच. 2015 ला इंग्लंडातल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता, त्यात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या लेकरांना 4 ते 11 महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला तर पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी लेकरांना झाली. फक्त अंगावर जोराचा एक्झिमा (कोरडी, लाल, खाजरी कातडी) असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच असेल तर पहिल्यांदा डॉक्टरला विचारून द्यायचं.

म्हणून कुठलाही पदार्थ समोर आला की मी नाव बघत नाही. ते गिळता येईल का हे बघते, मग या वयात अंगाला सोसंल का, आणि मग ते कशात, कुठल्या पाण्यात शिजवलंय.

गिळण्याचं सोपं आहे. बोटाच्या चिमटीत दाबलं की चेंबलं पाहिजे. अर्धापूरचं पिकलेलं केळं चेंबतं, उकडलेला बटाटा, भोपळा, शिजवलेलं गाजर चेंबतं. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, फुटाणे, खोबऱ्याचा तुकडा नाही चेंबत. द्राक्षं तर फार फसवी, मऊ वाटतात पण गोल आणि गुळगुळीत, नरड्यात बूच बसल्यासारखी बसतात, उभी चार फोडी केल्याशिवाय द्यायची नाहीत, अगदी चार-पाच वर्षांच्या लेकरालाही. मोसंबीची फोड साल आणि बी काढून द्यायची, केसर आंब्याचा रस मात्र खुशाल चमच्यानं द्या. आणि लेकरू बसूनच खाईल, झोपवून किंवा रांगताना नाही.

सुरू करायची वेळ म्हणजे सहा महिने पूर्ण झाल्यावर, मान सावरत असेल, आधारानं बसत असेल, तुमच्या ताटाकडं हात करायलं असेल आणि चमचा जिभेनं बाहेर ढकलत नसेल. चौथ्या महिन्यात बिस्किट पाण्यात बुडवून देणाऱ्या काकूंचं ऐकू नका. पण आठव्या महिन्यापर्यंत लांबवूही नका, पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यापर्यंत संपत येतं आणि नुसत्या दुधावर ते भागत नाही.

आता सगळ्यात जास्त भांडण होतं ते मधावरनं. उष्टावणाला मधाचं बोट चाटवायची आपल्याकडं पद्धत आहे, घुटीतही मध घालतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, एक थेंबही नाही. मधात एका जंतूचे बीज असू शकतात, मोठ्या माणसाच्या पोटात ते काही करत नाहीत पण लहान लेकराच्या आतड्यात उगवून विष तयार करतात, अंग लुळं पडतं, श्वास अडकतो. घरात उकळून हे बीज मरत नाहीत. सासूबाईंना मी भांडून नाही सांगितलं, म्हणलं आई बोट तर चाटवायचंच आहे ना, तूप-भाताचं चाटवू, त्यांनी ऐकलं.

मीठ-साखर-गूळ लेकरू वर्षाचं होईपर्यंत नको. गाई-म्हशीचं दूध प्यायला वर्षानंतर, तोवर दही किंवा पेजेत थोडं चालतं. चहा तर कधीच नको, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

पाण्याचं आपल्या मराठवाड्यात वेगळं सांगावं लागतं. टँकरचं पाणी गाळून चांगलं उकळून घ्यायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण बऱ्याच गावात बोअरच्या पाण्यात नायट्रेट नाहीतर फ्लोराईड जास्त असतं आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी घट्ट होतं. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात पाणी तपासून झालंय का विचारा, आणि जास्त असेल तर लेकराच्या पेजेला दुसरं पाणी आणा.

घरात शिजवायला सुरुवात साधी करा. ज्वारीचं पीठ थोडं भाजून त्याची पेज, मुगाच्या डाळीचा मऊ भात, वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल. चमचा वाकडा केला तर घास पटकन ओघळून जाऊ नये इतकं घट्ट, कारण डाळीच्या वरच्या नुसत्या पाण्यात फारसं काही नसतं, पोट भरतं आणि अंगी लागत नाही. दोन-तीन चमचे, दिवसातनं दोन-तीन वेळा, मग हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यानंतर तीन-चार वेळा. दूध पाजणं चालूच.

नवीन वस्तू एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस तीच, सकाळी द्यायची म्हणजे काही झालं तर दवाखाना उघडा असतो. अंडं पूर्ण उकडून, आधी नखाएवढं. तोंडाभोवती गांधी, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या तर ती वस्तू बंद करून डॉक्टरला दाखवा. श्वास घ्यायला त्रास झाला, अंग ढिलं पडलं तर वाट न बघता 108.

नणंदेचं लेकरू आता दीड वर्षाचं झालंय, शेंगदाण्याचा बारीक कूट भाकरीच्या कुस्करीत कालवून रोज खातंय, आणि अंगणात शेंगा वाळत असल्या की कुणीतरी एक जण तिथं बसून राहतंय.